जुन्या कुंडीतला जीव

पुण्यातील बिबवेवाडी भागातल्या एका गृहरचना संस्थेत, वैशाखाच्या आरंभी, तिसऱ्या मजल्यावरील एका घराची आवराआवर चालली होती. घरातील वृद्ध काकू मुलाकडे बंगळूरला कायमच्या राहावयास निघाल्या होत्या. यजमानांच्या निधनाला दीड वर्ष लोटले होते आणि आईने एकटीने राहावे हे मुलाच्या मनाला पटत नव्हते. न्यावयाचे सामान बांधून झाले. उरलेल्या वस्तूंची यादी मुलाने संस्थेच्या सूचनाफलकावर लावली. लाकडी कपाट, शिलाई यंत्र, दोन खुर्च्या, पितळी घंगाळ असे सारे किमतींसह लिहिलेले होते. सर्वांत शेवटी एक ओळ होती : ‘रबराचे झाड, कुंडीसह, ५० रुपये.’

पहिल्या मजल्यावरील एक गृहिणी कपाट पाहण्यासाठी वर गेल्या. कपाट त्यांच्या घरात मावण्याजोगे नव्हते. परत निघताना त्यांची दृष्टी बैठकीच्या कोपऱ्यात, पडद्यामागे उभ्या असलेल्या झाडाकडे गेली. उंची साडेचार फूट, खोड खालपासून उघडे आणि अगदी शेंड्याशी नऊ पाने. पानांवर धुळीचा असा थर की मूळचा रंग ओळखू येऊ नये. माती वाळून आक्रसलेली, कुंडीच्या कडेपासून बोटभर सुटलेली.

त्यांनी पन्नास रुपये पुढे केले तेव्हा काकू क्षणभर थांबल्या.

“पैशांचं मुलानं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “हे झाड ह्यांचं. रोज सकाळी हेच पाणी घालायचे. हे गेले आणि मग त्या कोपऱ्याकडे जायला माझे पायच वळेनात. आज घालीन, उद्या घालीन म्हणता म्हणता राहून गेलं. जगेल असं वाटत नाही मला. पण कचऱ्यातही टाकवत नाही.”

गृहिणींनी पैसे देऊन झाड खाली आणले.

शहरांतून अशी झाडे आता घरोघरी दिसतात. घर बदलते, माणूस जातो, हौस ओसरते आणि कुंडी मागे उरते. घरातील झाडे हवा शुद्ध करतात, अशा समजुतीने पुष्कळजण ती आणतात. या समजुतीमागे अमेरिकेतील ‘नासा’ संस्थेचा १९८९ सालचा एक अभ्यास आहे. परंतु त्यातील प्रयोग बंदिस्त पेट्यांत झाले होते. दारे-खिडक्या उघडणाऱ्या घरात हवा मुख्यतः वाऱ्याने पालटते, एका कुंडीने नव्हे. लाभ दिसेनासा झाला की मग झाड नकोसे होते. ते पुन्हा कसे उभे करावे हा वरवर पाहता बागकामाचा प्रश्न. जैन घरात मात्र तो लवकरच दुसऱ्या एका प्रश्नाला जाऊन मिळतो. या घरातही तसेच झाले.

पहिले दहा दिवस

या घरात सासूबाई आहेत. वय अठ्ठ्याहत्तर, माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यातले. घरीदारी सर्वजण त्यांना आक्का म्हणतात. रात्रिभोजनत्याग, गाळलेले पाणी, अष्टमी-चतुर्दशीचे नियम हे सारे त्यांच्या अंगवळणी पडलेले. सूनबाईंनी झाड आत आणताच त्यांनी विचारले, “याचं आता करणार काय?”

सूनबाईंच्या मनात पुष्कळ काही होते. भरपूर पाणी, मोठी नवी कुंडी, मूठभर खत आणि गच्चीवरचे ऊन. दयेच्या पहिल्या उमाळ्यात बहुतेक सारे हेच करतात आणि दीड वर्ष तग धरलेले झाड पंधरा दिवसांत हातचे जाते.

त्याचे कारण सरळ आहे. पाण्यावाचून राहिलेल्या झाडाची बारीक, पाणी शोषणारी मुळे आधीच वाळून गेलेली असतात. वरून ओतलेले पाणी त्याला घेता येत नाही. ते मातीत साचते, मातीतील हवा कोंडते आणि उरलीसुरली मुळेही कुजतात. खतातील क्षार दुर्बळ मुळांना भाजतात. अंधाऱ्या कोपऱ्यात राहिलेली पाने वैशाखाच्या उन्हात दोन दिवसांत करपतात. मोठ्या कुंडीतील जादा मातीपर्यंत मुळे पोचलेली नसतात. ती माती ओलीच राहते आणि कुजण्याला निमंत्रण देते.

आक्कांना बागकामाची ही कारणे ठाऊक नव्हती. पण निष्कर्ष त्यांनी आपल्या वाटेने काढला. “आठ उपवासांचं पारणं कुणी श्रीखंड-पुरीनं करतं का?” त्या म्हणाल्या. “आधी मुगाचं पाणी. पोटाला सवय होऊ दे.”

दहा दिवस झाडाला नवे काहीही द्यायचे नाही, असे ठरले. पूर्वेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर, थेट ऊन लागणार नाही अशी जागा त्याला मिळाली. घरातील तुळस आणि इतर कुंड्या दूर सरकवण्यात आल्या, कारण परक्या घरातून आलेल्या झाडाबरोबर कीड येण्याचा संभव असतो.

पाणी देण्याची रीतही निराळी ठेवावी लागली. फार दिवस वाळलेली माती पाणी धरीत नाही. वरून तांब्या ओतला तर पाणी कडेच्या फटीतून उतरून तळच्या भोकातून बाहेर येते. पाहणाऱ्याला वाटते, झाड भिजले. आतला मातीचा गोळा मात्र कोरडाच असतो. म्हणून टबात तीन-चार इंच गाळलेले पाणी घेऊन कुंडी अर्धा तास त्यात ठेवली. मातीने खालून आपल्या गतीने पाणी ओढले. नंतर कुंडी उचलून पूर्ण निथळू दिली. पुढचे पाणी केव्हा, याचे माप एकच : बोटाची दोन पेरे मातीत घालून पाहावीत आणि तेथे ओल लागली तर पाणी देऊ नये.

झाड जिवंत आहे की नाही, हे पाहण्यासाठी सूनबाईंनी खोडाच्या मध्यावर नखाने अगदी हलका ओरखडा काढला. करड्या सालीखाली हिरवी रेघ दिसली आणि तिच्यावर पांढऱ्या चिकाचा एक थेंब गोळा झाला.

“आहे,” त्या म्हणाल्या.

एकेंद्रिय जीवाला चार प्राण असतात असे शास्त्र सांगते : स्पर्शनेंद्रिय, कायबल, श्वासोच्छ्वास आणि आयुष्य. पाठशाळेत लहानपणी पाठ केलेला तो चार नावांचा क्रम आक्कांनी त्या थेंबाकडे पाहत हळू आवाजात म्हटला.

हिशेब कोणाचा?

चौथ्या दिवशी पाने पुसण्याचे काम निघाले. धुळीमुळे पानापर्यंत प्रकाश नीट पोचत नाही, म्हणून ओल्या सुती फडक्याने प्रत्येक पान वरून व खालून अलगद पुसावे लागते. तिसरे पान उलटताच मधल्या शिरेलगत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले. शेतकरी त्यांना पिठ्या ढेकूण म्हणतात. मेणासारख्या पांढऱ्या आवरणाखाली बसून हे कीटक झाडाचा रस शोषतात. त्यांच्या अंगातून पाझरणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या येतात, आणि त्याच द्रवावर पुढे काळी बुरशी चढते. एक मादी कापसासारख्या पिशवीत शेकडो अंडी घालू शकते.

नर्सरीतील सल्ला ठरलेला असतो : औषध फवारा. निंबोळी तेल किंवा साबणाचे पाणी हे सौम्य उपाय मानले जातात. पण परिणाम कीटकाच्या घातातच होतो. द्राक्षबागांत क्रिप्टोलिमस नावाचे भुंगेरे सोडतात आणि ते पिठ्या ढेकणांना खातात. तोही मार्ग जैन मनाला पेलणारा नाही. एका जीवाला मुद्दाम दुसऱ्याच्या तोंडी देणेच ते.

आक्कांनी पान हातात घेऊन पाहिले आणि फडके खाली ठेवले.

“सूनबाई, हे झाड एकेंद्रिय. हे हलणारे जीव त्रस. एका एकेंद्रियासाठी शेकडो त्रस जीवांचा घात करायचा, हा कुठला हिशेब? राहू दे ते झाड. त्याचं आयुष्य असेल तेवढं जगेल.”

सूनबाईंनी तत्काळ उत्तर दिले नाही. आक्कांचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. श्रावकाच्या अहिंसाणुव्रतात संकल्पपूर्वक त्रसहिंसेचा त्याग पहिला येतो. स्थावर जीवांची हिंसा गृहस्थाला पूर्ण टाळता येत नाही. त्रस जीवांच्या बाबतीत ती सवलत नाही. इंद्रियांची मोजदाद केली तर पारडे कीटकांकडेच झुकत होते.

सायंकाळी त्या आक्कांजवळ जाऊन बसल्या. “आक्का, हे वरच्या मजल्यावर असतं तर गोष्ट वेगळी होती. पण आपण ते पैसे देऊन घरात आणलंय. आता कीड लागली म्हणून कोपऱ्यात ठेवून दिलं, तर काकूंच्या हातून जे दुःखानं झालं ते आपल्या हातून जाणूनबुजून होईल. तो प्रमाद नाही का?”

हा शब्द आक्कांना थांबवणारा होता. तत्त्वार्थसूत्राने हिंसेची जी व्याख्या केली आहे तिच्यात प्राणांच्या घाताइतकेच महत्त्व प्रमादाला आहे. बेसावधपणाने, बेफिकिरीने, कषायाच्या आवेगात झालेला घात म्हणजे हिंसा. मग औषधाचा फवारा मारून मोकळे होणे हा जसा प्रमाद, तसेच हात झटकून बाजूला होणे हाही प्रमादच. दोन्हींत माणसाची त्रास घेण्याची तयारी नसते. या दोहोंमधली जी कष्टाची वाट, तिला श्वेतांबर परंपरेत जयणा म्हणतात आणि दिगंबर परंपरेत यत्नाचार.

ती वाट अशी निघाली. नातवाच्या रंगपेटीतील मऊ केसांचा कुंचला घेण्यात आला. पसरट ताटात सुकी पाने अंथरली. कुंचला ओला करून एकेक पुंजका न चिरडता त्या पानांवर उतरवायचा आणि ताट संस्थेच्या मागील भिंतीजवळच्या गवताळ कोपऱ्यात नेऊन सावलीत रिकामे करायचे. नातू पहिल्या दिवशी ते जास्वंदीच्या झुडपाजवळ ठेवू लागला तेव्हा आक्कांनीच त्याला हटकले, कारण जास्वंदीवर ही कीड हमखास वाढते. मुंग्यांचा माग भिंतीवरून कुंडीकडे येत होता. कुंडी भिंतीपासून हातभर दूर, लोखंडी तिवईवर ठेवताच काही दिवसांत तो माग आपोआप मोडला.

अंड्यांतून पिल्ले निघत राहतात, म्हणून हे काम एका दिवसाचे नव्हते. दर चौथ्या दिवशी सकाळी अर्धा तास, असे सहा आठवडे ते चालले. या काळात सूनबाईंनी एका जुन्या वहीत नोंदी ठेवल्या : तारीख, पाणी, पुंजके किती, पाने किती. पुंजके पहिल्या दिवशी एकेचाळीस, तिसऱ्या आठवड्यात अकरा, सहाव्या आठवड्यात शून्य.

यात एकाही जीवाला इजा झाली नाही, असे म्हणता येणार नाही. झाडावरून उतरवलेल्या कीटकांपैकी कितींना दुसरा आसरा मिळाला असेल, हे सांगवत नाही. आक्कांनी ते नाकारले नाही. ज्या ज्या दिवशी कुंचला हातात घेतला जाई, त्या त्या सायंकाळच्या प्रतिक्रमणात त्या त्याची आलोचना करीत. काम सोडले नाही आणि त्याचा दोषही स्वतःपासून लपवला नाही.

कुंडीच्या तळाशी

जागा बदलल्याचा ताण झाडाला सोसावा लागतोच. वड-पिंपळाच्या कुळातील झाडे अशा वेळी पाने टाकतात. पहिल्या महिन्यात नऊ पानांची सहा झाली. घरातील यजमानांनी एकदा सहज म्हटले, की दोन-अडीचशे रुपयांत नर्सरीतून टवटवीत झाड आले असते. त्यांचे म्हणणे व्यवहाराला धरून होते, म्हणून कुणी वाद घातला नाही. सहा पानांची नोंद वहीत झाली आणि काम पुढे चालू राहिले.

ज्येष्ठाच्या अखेरीस पहिला पाऊस आला. हवेत ओल आणि ऊब दोन्ही असतात तो काळ कुंडी बदलण्यास उत्तम. कुंडी आडवी करून, कडेने थापटून, खोड न ओढता मातीचा गोळा बाहेर काढला. माती थोडीच उरली होती. मुळांनीच मुळांभोवती फेरे घालून कुंडीचा आकार घेतला होता.

या झाडाची मुळे किती लांब जाऊ शकतात याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. रबराचे झाड, फायकस इलास्टिका, मूळचे ईशान्य भारतापासून इंडोनेशियापर्यंतच्या दमट अरण्यांतले. एकोणिसाव्या शतकात आसामात त्याच्या चिकापासून रबर काढीत. पुढे ब्राझीलहून आलेल्या हेविया वृक्षाने त्याला मागे सारले. मेघालयातील खासी व जैंतिया टेकड्यांत लोक याच झाडाची हवेत लोंबणारी मुळे ओढ्यापलीकडे वळवत नेतात. काही दशकांत त्या मुळांचा पूल होतो आणि पुढे पिढ्यान्पिढ्या माणसे त्यावरून ये-जा करतात. नोंग्रियाट गावचा दुमजली जिवंत पूल पाहावयास देशोदेशीचे लोक जातात. असा पूल बांधणारे मूळ बिबवेवाडीच्या दहा इंची कुंडीत स्वतःभोवतीच फिरत राहिले होते.

मुळे तपासण्याची खूण सोपी आहे. निरोगी मूळ घट्ट आणि फिकट असते. कुजलेले मूळ तपकिरी, मऊ आणि दाबताच साल सोडणारे. कुजलेले फारसे निघाले नाही, कारण या झाडाला अतिपाणी कधी मिळालेच नव्हते. बाहेरचे घट्ट वेढे बोटांनी सैल केले, वाळून मेलेली मुळे काढली. नवी कुंडी बारा इंची, म्हणजे जुनीपेक्षा केवळ दोन इंच मोठी घेतली.

मातीच्या बाबतीत जैन घराने एक गोष्ट आवर्जून विचारावी. बाजारातील तयार मिश्रणात किंवा खतात हाडांचा चुरा असू शकतो. काही खतांत जनावरांचे वाळवलेले रक्तही वापरतात. पिशवीवर लिहिलेले वाचावे, लिहिलेले नसल्यास विचारावे. येथे दोन भाग बागेची माती, एक भाग कोकोपीट, एक भाग पालापाचोळ्याचे पूर्ण कुजलेले खत, थोडी जाडी वाळू आणि दोन मुठी निंबोळी पेंड असे मिश्रण घरीच तयार झाले. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा उपडा ठेवला. कुंडीखालच्या ताटलीत पाणी साचू द्यायचे नाही, हा दंडक आक्कांनी घातला. पाणी दिल्यावर अर्ध्या तासाने ताटली रिकामी केली की मुळे कुजत नाहीत, शेवाळ धरत नाही आणि डासांची उत्पत्तीही होत नाही. जीवोत्पत्तीच आधी टाळली म्हणजे पुढची हिंसा टळते, हे त्यांचे स्वयंपाकघरातले सूत्र कुंडीलाही लागू पडले.

खर्चाची नोंदही वहीत आहे : कुंडी १८०, कोकोपीट ६०, खत ५०, निंबोळी पेंड ४० आणि झाडाचे ५०, एकूण ३८० रुपये. जुने झाड स्वस्त पडते, असे कुणी म्हणू नये.

आषाढाच्या पहिल्या आठवड्यात शेंड्यावर तांबूस टोकदार आवरण दिसू लागले. रबराच्या झाडाचे नवे पान अशा आवरणात गुंडाळलेले येते. चार-पाच दिवसांत आवरण गळून पडले आणि सातवे पान उलगडले. ते पहिल्या सहांपेक्षा लहान होते. पण त्याच्यावर धूळ नव्हती.

जांभळाचे झाड

झाड जगले, परंतु त्याची ठेवण तशीच होती. तीन फूट उघडे खोड आणि वर पानांचा झुबका. वाऱ्याने ते एका अंगाला कलू लागले. संस्थेच्या बागेत काम करणारे माळीकाका पाहावयास आले.

“ताई, एक फुटावर छाटा. चीक येईल, येऊ द्या. महिन्याभरात खालून फुटेल,” असे सांगून ते गेले. सल्ला शास्त्रशुद्ध होता. शेंडा काढला की खोडावरचे निद्रिस्त डोळे जागे होतात, हा वनस्पतींचा धर्मच आहे.

या घराच्या बोळात षट्लेश्येचे एक जुने चित्र टांगलेले आहे. भुकेलेले सहा वाटसरू फळांनी लगडलेल्या जांभळाच्या झाडापाशी येतात. पहिला म्हणतो, झाड मुळासकट उपटू. दुसरा बुंधा तोडू पाहतो, तिसरा मोठ्या फांद्या, चौथा लहान डहाळ्या. पाचवा केवळ फळे खुडू म्हणतो आणि सहावा खाली पडलेली फळे वेचून भूक भागवतो. कृष्णलेश्येपासून शुक्ललेश्येपर्यंत मनाच्या सहा पायऱ्या लहान मुलांनाही समजाव्यात, अशी त्या चित्राची योजना आहे.

महाविद्यालयात शिकणारा नातू चित्रापाशी उभा राहून म्हणाला, “आक्का, माळीकाकांचं ऐकलं तर आपण दुसऱ्या नंबरचे होणार.”

“हसू नको,” आक्का म्हणाल्या. “त्यातला सहावा काय करतो बघ. तो उपाशी नाही राहिला. त्यानं फक्त दुसरा मार्ग शोधला. तुम्ही शिकलेली माणसं. न तोडता काही होतं का, ते शोधा.”

तसा मार्ग बागायतीत आहे आणि तो जुना आहे : गुटी कलम. डाळिंब, पेरू, लिची यांची रोपे अशा रीतीने करतात. खोडाच्या ठरावीक जागी सालीचे एक इंच रुंदीचे कडे अलगद काढतात. पानांत तयार होणारे अन्न सालीतून खाली उतरते. कडे काढल्यामुळे ते तेथे अडते आणि त्या जागी मुळे फुटू लागतात. आतील लाकडातून पाणी मात्र वर जात राहते, म्हणून शेंडा सुकत नाही. जखमेभोवती ओलसर शेवाळ बांधून वर प्लॅस्टिक गुंडाळण्याची पद्धत आहे. शेवाळ अनंतकाय, म्हणून या घरात त्याऐवजी ओले कोकोपीट पिळून बांधले. मुळे पुरेशी वाढली की त्यांच्याखाली कापून शेंडा स्वतंत्र कुंडीत लावायचा. शेंडा फेकला जात नाही आणि खालचे खोडही नव्याने फुटते. एका झाडाची दोन होतात.

आक्कांनी तिथी पाहिली. अष्टमी आणि चतुर्दशी टाळून, अष्टाह्निक पर्व लागण्यापूर्वी, आषाढ शुद्ध पंचमीला गुटी बांधण्यात आली. चीक त्वचेला आणि डोळ्यांना चुरचुरतो, म्हणून सूनबाईंनी हातमोजे घातले होते. जखमेवर आलेला चीक ओल्या फडक्याने थांबेपर्यंत टिपला. साल काढताना आक्का देवघरात णमोकार मंत्र म्हणत बसल्या होत्या. ते पाहणे त्यांना जमले नाही.

श्रावण तसाच गेला. प्लॅस्टिकच्या आत काही दिसेना. दहाव्या आठवड्यात, दशलक्षण पर्व चालू असताना, धूपदशमीच्या दिवशी नातवाला पहिली पांढरी मुळे दिसली. दहा धर्मांपैकी सहावा, संयमाचा, तो दिवस. नातू त्याच क्षणी कापावयास निघाला होता. आक्कांनी विचारले, “मुळं किती आहेत?” तो म्हणाला, “तीन-चार.” “मग भरपूर होऊ देत. एवढे दिवस थांबलो, आणखी थोडं.”

आश्विनात मुळांचे जाळे दाट झाले. नवी पाने धरून शेंड्याशी आता दहा पाने होती. शेंडा कापून आठ इंची कुंडीत लावला आणि पंधरा दिवस सावलीत ठेवला. मूळ कुंडीत तीन फुटांचे पर्णहीन खोड उरले. पाहुणे त्याला काठी समजत. परंतु गुटीच्या खालच्या बाजूला दोन ठिकाणी साल किंचित फुगली होती, आणि कार्तिकात त्या दोन्ही जागी तांबूस टोके बाहेर आली. काही दिवसांनी तिसरेही आले.

मार्गशीर्षातील भेट

घराच्या कागदपत्रांवर सह्या करण्यासाठी काकू मार्गशीर्षात चार दिवस पुण्यास आल्या. सूनबाईंनी त्यांना जेवावयास बोलावले. काकू आत आल्या, कुंडीजवळून पुढे गेल्या आणि सोफ्यावर बसल्या. त्यांनी झाड ओळखलेच नाही.

जेवण झाल्यावर आक्कांनी त्यांना हाताला धरून खिडकीपाशी नेले. उघड्या खोडावर तीन फांद्या आणि आठ पाने होती. शेजारच्या लहान कुंडीत जुना शेंडा सरळ उभा होता. काकूंनी तो निरखला. नऊ पानांच्या काळातले, कडेला फाटलेले एक पान अजून त्याच्यावर टिकून होते.

“हे फाटलेलं पान आमच्याकडचं,” त्या म्हणाल्या. “पंख्याला लागून फाटलं होतं. ह्यांनी दोन दिवस हळहळ केली होती.”

कुणी काही बोलले नाही. काही वेळाने त्या आक्कांना म्हणाल्या, “माझ्या हातून फार मोठी चूक झाली होती.”

आक्का म्हणाल्या, “चूक म्हणू नका. त्या वेळी तुम्हालाच पाणी घालणारं कुणी नव्हतं.”

काकूंनी पाणी मागितले, तेव्हा सर्वांना वाटले, त्यांना प्यावयास हवे आहे. त्यांनी तो पेला हातात घेतला. पण कुंडीत लगेच ओतला नाही. आधी बोट मातीत घालून पाहिले. माती ओली होती. पेला त्यांनी तसाच परत दिला.

“ह्यांची सवय,” त्या म्हणाल्या. “हे असंच बघायचे.”

जीवांनी एकमेकांच्या उपयोगी पडावे, हा तत्त्वार्थसूत्रातील आशय जैन प्रतीकचिन्हाखाली लिहिलेला आपण सर्वत्र पाहतो. या घरात कोण कोणाच्या उपयोगी पडले, याचा हिशेब मांडणे कठीण आहे. पन्नास रुपयांच्या झाडाने एका नातवाला सहा आठवडे कुंचला धरून अर्धा अर्धा तास एका जागी बसवले. सासू-सुनेला प्रमाद या शब्दावर एकत्र विचार करावयास लावला. आणि एका वृद्धेला तो कोपरा, जिकडे तिचे पाय वळत नव्हते, दुसऱ्याच्या घरात परत मिळाला.

काकू परतीला रेल्वेने निघाल्या. लहान कुंडी कापडी पिशवीत घालून त्यांनी मांडीवर घेतली. पाणी केव्हा द्यायचे, ते त्यांना कुणी सांगितले नाही.

वहीत त्या दिवशीची नोंद एका ओळीची आहे : ‘पाने ८. कीड नाही. एक रोप बंगळूरला.’